उधारी

एल्मिर्तच्या दुकानाबाहेर, पत्र्याखाली जाको बसतो.
हिरवागार. कपाळावर पांढरा चट्टा, चुना उडाल्यासारखा.
उधारी थकवणाऱ्यांची नावं त्याला पाठ:
"फ्रित्झनेर, पन्नास गूर्द!"
अख्खी दुशिती हसते, फ्रित्झनेर सोडून.
ढोलीतून काढला तेव्हा अंगावर पीस नव्हतं.
आता केळं कच्चं निघालं तर शिवी घालतो.

त्या दुसऱ्याला धड नावसुद्धा नाही.
नें लाँ म्हणतात. म्हणजे लांब नाक, एवढंच.
रात्री ओल्या पाल्यात नाक खुपसत
वाकडंतिकडं चालतं. थुंकीत विष आहे म्हणे,
पण कुत्रं आलं की
मान खाली घालून उभं राहतं.
आजोबांनी आयुष्यात चार पाहिली. मी एक:
परवा रात्री सेझिलच्या कुत्र्यानं
पिंजऱ्याखालीच फाडलेलं,
शेपूट उघडी, दोरीच्या तुकड्यासारखी.
एल्मिर्तनं खराट्यानं लोटलं, वर राख टाकली.

सकाळी जाको बोलला.
ना शिवी, ना गूर्द.
बारीक किटकिट, मधेच शिट्टी मोडावी तशी.
एल्मिर्त म्हणाली, दार कुरकुरतंय, तेल घाल.

घातलं.
दार गप्प आहे.