पूर्वीचं नाव, असल्यास

पोवई नाक्यावर माझं चष्म्याचं दुकान,
वरच्या मजल्यावर बागवानांचं ट्रॅव्हल्स.
जिना एकच. पंधरा वर्षं मी खालीच थांबले,
यंदा वर गेले.

दोन माणसं, नऊ रात्री, पॅरिस ते रोम.
बागवान म्हणाले, "एकट्या बाईला कागद जास्त लागतात, ताई."
सहा महिन्यांचं खातं, शिक्क्यासकट. तीन वर्षांचं रिटर्न.
गुमास्ता लायसन. विमा,
तिकडे आजारी पडलं तर, आणि तिकडेच मेलं
तर इकडे आणायचा.
परत येणार याचा पुरावा.

"तो कसा देतात?"
"दुकान आहे ना तुमचं? तेच."
म्हणजे साडेचारशे फ्रेमा आणि एक आरसा
मला जामीन राहणार.

आई गावाहून आली, मेढ्याच्या वरून,
ठेवणीतलं लुगडं नेसून.
फोटोवाला म्हणाला, आजी, हसू नका, कान दिसू द्या, पदर मागे.
"पदर मागं घिऊन कुणाला दावू तोंड?"
तरी घेतला.
पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर.
एवढ्याशा चौकोनात
ती कुणावर तरी रागावलेली दिसते.

मग तो रकाना आला.
जन्मावेळचं आडनाव: तेच, रांजणे.
पूर्वीचं नाव, असल्यास.
मी राजपत्राची झेरॉक्स पुढे सरकवली.
बागवानांनी वाचलं. चष्मा काढला,
माझ्याच दुकानातला,
पुसला, परत घातला
आणि एकेक बटण दाबत टाइप केलं.
नकुसा. इंग्रजीत सहा अक्षरं होतात.

चौथी मुलगी मी.
असं नाव कोण ठेवतं
ते नंतर घरात कुणालाच आठवत नाही.
हजेरी घेताना गुरुजी ते पटकन म्हणायचे,
तापल्या तव्यावरून बोट काढावं तसं.
तेराव्या वर्षी पाटणकर बाईंनी विचारलं,
"कुठलं हवं?"
हवं म्हणजे काय करायचं, मला माहीत नव्हतं.
समोर त्यांच्या मुलीची कंपासपेटी होती.
तिच्यावरचं उचललं: शरयू.
ती मुलगी महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आई अजून नकूच म्हणते.
नकू, जेवलीस का. नकू, गाडी सावकाश घे.
तिच्या तोंडात त्या शब्दाचा अर्थ
कधी गळून पडला, तिलाही कळलं नसेल.
मला कळलं होतं का, तेही सांगता येत नाही.

रात्री पत्र लिहायला बसले.
माननीय महोदय, आम्ही मायलेकी
आपला देश बघू इच्छितो. बघून परत येऊ.
दिवाळीच्या आसपास आमची म्हैस विणार आहे.
हे खोडलं.
मग परत लिहिलं.

"आन् नको म्हनले तर?" अंधारात आईचा आवाज.
"पैसे परत मिळत नाहीत."
ती बराच वेळ गप्प.
"तसं नव्हतं इचारलं."

पुण्यात, काचेच्या हॉलमध्ये, टोकन एकशे बारा.
मी पाणी आणायला गेले तेवढ्यात नाव पुकारलं.
परत येते तो आई खुर्चीवरून उठून
गावातल्या बांधावरून मारावी तशी हाक मारत होती:
नकू! अगं ए नकू! तुला बोलावत्यात!
माणसं वळली. टायवाला मुलगा वळला.
एक बाई, साताऱ्याकडचीच असणार,
तिनं मान खाली घातली.
मी बाटली आईच्या हातात दिली,
काउंटरवर चार बोटं ठेवली,
मग अंगठा.

दोन आठवडे झाले.
आई दुकानात स्टुलावर बसून असते,
भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघत.
"सगळ्यात खालची वळ कुनाला दिसती का गं?"
"दिसते कुणाकुणाला."

काल कुरिअरवाला आत आला.
दोघी एकदम उभ्या राहिलो.
त्याच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता.
मी बसवून दिला. पैसे घेतले नाहीत.