भट्टीवरची पाळी

वॉल्व्हिस बेच्या धुक्यात मीठ असतं.
ते पत्रा खातं, खिळे खातं,
दाराची कडी तर सगळ्यात आधी.
आमची वस्ती अशी बाहेरून आत
चघळली जाते वर्षानुवर्षं.
आम्ही डांबर फासतो, पुठ्ठा ठोकतो,
कूस बदलून झोपतो.

आता एक निराळं खाणारं आलंय.
ते खातं,
आणि खाऊन झालं की भिंत उरते.

ट्रक येतो काट्यांनी लादलेला:
तेच काळं काटेरी झुडूप
ज्यानं ओमारुरूपलीकडचं गवत गिळलं,
ज्याच्यापायी बाबांच्या गाईंना
स्वतःच्या कुरणात वाट सापडेना.
यंत्र त्याचा चुरा करतं.
वाफ चुऱ्यातलं आधीचं सगळं मारून टाकते.
मग उएरिउका हातमोजे चढवून
त्याला विरजण लावते.

कागदावर वेगळं नाव आहे, लांबलचक.
पण आईच्या भोपळ्यात
कालचं आंबट दूध तळाशी राखलेलं असायचं
उद्याच्या दुधासाठी.
हे तेच की.

मग तीन आठवडे अंधार.
पिशव्यांमध्ये पांढरे धागे
चाचपडत निघतात,
एका ढलपीचं बोट दुसरीच्या हातात देत.
पहिल्यांदा पिशवी उचलली
तेव्हा ती कोमट होती,
निजलेल्या पोराच्या मानेसारखी.
मी पटकन खाली ठेवली.

अळंब्या फुटतात, करड्या, कानांसारख्या.
त्या खुडायच्या, हॉटेलवाल्यांना विकायच्या,
मोडक्या-तोडक्या घरी न्यायच्या, कांद्यावर परतायच्या.
उरलेलं साच्यात दाबतात,
आणि ते येतं माझ्याकडे.

या कारखान्यात सगळे वाढवतात.
मारायचं काम तेवढं माझं.

तापमान. वेळ. सही.
कवेझेंबी सांगतो, कच्ची ठेवलीस
तर वीट वाढतच राहील,
शेजारणीच्या गळ्यात पडेल,
दाराची चौकट खाईल.
माणसाला घर थांबलेलं लागतं.
मी मान हलवते, झडप लावते.
थोड्या वेळानं वास येतो
पावाचा, आणि पावाखाली कसल्यातरी जंगलाचा
जे मी कधी पाहिलेलं नाही.

मागच्या जूनमध्ये इनावांदू आत्याच्या नव्या घरात,
चुलीमागच्या कोपऱ्यात, भिंतीला कान फुटला.
एकच. नखाएवढा.
दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा.
आत्यानं तो तोडला, तळला, खाल्ला,
आणि शेजारी सांगत सुटली,
भिंतीनं मला जेवू घातलं.

कवेझेंबी धावत आला मोजपट्टी घेऊन.
मी वही उघडली.
त्या रात्री अकरा मिनिटं वीज गेली होती,
माझा डोळा लागला होता,
आणि खाली सही होती माझी, चांगली ठसठशीत.

वीट बदलली.
काढलेली फेकायला माझ्याकडे दिली.

बसमध्ये मांडीवर ठेवली होती.
बाजूच्या म्हाताऱ्यानं विचारलं, केक आहे का?
मी हो म्हटलं.

आता ती आमच्या झोपडीत आहे,
समुद्राकडच्या कोपऱ्यात,
जिथं पत्र्याला मूठभर भोक पडलंय
आणि धुकं थेट माझ्या उशीशी येतं.
मी पाणी शिंपडत नाही.
पाणी धुकंच देतं.
काल पाहिलं, पांढरे धागे
पुठ्ठ्यापर्यंत पोचलेत,
भोकाच्या कडेवर थबकलेत,
गंज चाखून पाहतायत बहुधा.

कोणाला सांगितलेलं नाही.
वहीत त्या विटेपुढे लिहिलंय: नष्ट.
खाली सही.

उद्या माझी पाळी पहाटेची आहे.
निघताना कोपऱ्याकडे पाठ करून
मी अंगावरची शाल नीट करते,
आणि कडी,
जेवढी उरली आहे तेवढी,
हळू लावते.