काही हरकत नसेल तर

ग्रिम्सबीत, गोदीमागच्या वृद्धाश्रमात
लेतेब्रहान पहिल्याच आठवड्यात उद्धट ठरली.
'हात द्या.' 'तोंड उघडा.' 'उठा.'
शब्द बरोबर, व्याकरणही चोख,
तरी मिसेस पॉडमोरनी तक्रार नोंदवली :
ही मुलगी आम्हाला मेंढरांसारखी हाकते.

तिला कळेना.
तिच्या भाषेत मान क्रियापदाच्या शेपटीलाच असतो,
वेगळा आणावा लागत नाही.
इथे मागणीला आधी उंबऱ्यावर थांबवायचं,
पाय पुसायला लावायचे,
मग हळूच आत सोडायचं.

मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीत वर्ग.
हिलरीबाई फळ्यावर लिहायच्या :
कराल का. करू शकाल का. केलंत तर बरं होईल.
आणि सांगायच्या, 'प्लीज' जपून वापरा,
शेवटी लावलं तर मीठ,
सुरुवातीला लावलं तर कधी कधी छडी.
लेतेब्रहान बसमध्ये पुटपुटत घोकायची.
एकदा ड्रायव्हरला एवढं लांब विचारलं
की विचारून होईतो
स्टॉप मागे पडला होता.

नऊ नंबरच्या खोलीत सिरिल ब्लँचर्ड.
'तुला त्रास होणार नसेल, तर म्हणत होतो,
ती खिडकी जराशी…
अर्थात, सवड झाली की.'
ती वाक्य संपायची वाट बघत उभीच.
दुसऱ्या दिवशी : 'उघडायला हरकत आहे का गं तुझी?'
'हो, हो!' म्हणत ती धावली आणि उघडलीच.
खोकला येईपर्यंत हसला म्हातारा.

मग कधीतरी बोलला.
एकतीस वर्षं ट्रॉलरवर, आइसलँडकडच्या पाण्यात.
ओढ. सोड. काप.
शब्द लाटेआधी पोचावा लागतो,
नम्र शब्द भिजून जड होतात.
'घरीही तसंच बोललो. डोरीनशी.'
एवढं म्हणाला, आणि चहावर साय धरली.
ते जराशी, ते अर्थात, ते सवड झाली की,
सगळं ती गेल्यावर शिकला होता,
पंच्याहत्तरीत, कुणी न शिकवता.

फेब्रुवारीत, रात्री तीनला, बेल.
उशीला टेकून अर्धा उठलेला.
'खिडकी.'
डेकवरचा आवाज.
ती धावली. कडी थंडीने चिकटलेली,
खांद्याने ढकलली.
डिझेल, मासळी, मीठ,
सगळं एकदम आत आलं.
थँक यू म्हणाला नाही.
तिने वाट पाहिली नाही.
सकाळपर्यंत तिने ती लावलीही नाही,
तेव्हा खोलीत कुणाला थंडी वाजणार नव्हती.

पुढल्या मंगळवारचा गृहपाठ :
विनंतीची तीन वाक्यं.
दोन सुबक, हिलरीबाईंना आवडतील अशी.
तिसऱ्या ओळीवर एकच शब्द, पूर्णविरामासकट.
बाईंनी लाल शाईत, समासात, विचारलं :
'हे वाक्य जरा पूर्ण करशील का?
तुझी काही हरकत नसेल तर.'

लेतेब्रहानने वही मिटली.
हरकत होती.