केळीची पानं

चादरीवर निजवायचं नाही, हा पहिला नियम.
चादर चिकटते, आणि सकाळी सोडवताना
माणूस थोडा चादरीबरोबर जातो.
म्हणून केळीची पानं, दवाखान्याच्या परसातली,
मधली शीर तासून, तेलाचं बोट फिरवून.
रात्रपाळीला माझं काम एवढंच:
पानं पुसायची, पानं बदलायची.

न्या एउलोजिया परदेशातून आली, म्हणजे रस्ता ओलांडून.
इथं रस्त्याचा हा काठ ब्राझील, तो काठ पाराग्वाय.
तिकडे सहा आठवडे म्हणत होते, भाजलीय.
कशानं भाजेल? चूल तर मुलगी पेटवते.
आमच्याकडे या दुखण्याला रानटी आग म्हणतात,
आणि ओढ्यावरच्या काळ्या माश्यांवर आळ घेतात.
मीही आगच समजायचे.
डॉक्टर इवोनेती म्हणाली, जुरासी, जळत काही नाही.
सुटतंय.

कातडीतली पेशी म्हणे बाहेर हात काढते,
शेजारणीचा हात मधेच पकडते,
आणि दोघींच्या पोटात त्या हातांना दोरखंड बांधलेले.
म्हणून आपण खसाखसा अंग घासतो
आणि अंग अंगावर राहतं.
हिच्या रक्तानं त्या हातांनाच चोर ठरवलं.
पकडीत बोट घालून एकेक सोडवत बसलंय.
सुटलेली पेशी गोल होते.
बाजू नाही, टोक नाही, शेजार नाही.
मी काचेखाली पाहिली:
भलतीच गुळगुळीत,
जिचं कुणाशी काही अडत नाही अशी.

तोंड मात्र शाबूत.
तिथली वीण निराळ्या दोऱ्याची,
त्या दोऱ्याशी रक्ताचं वैर नाही.
त्यामुळे रात्रभर बोलते. ग्वारानीत शिव्या,
स्पॅनिशमध्ये हिशेब, नवरा तेओफिलो मेला
त्या दिवशी बाजारात कंदाचं पीठ किती महाग होतं ते.
पीठ तिला खायला नको असायचं, खळीसाठी हवं असायचं.
ती न्यांदुती विणते. कोळ्याचं जाळं.
चौकटीत कापड ताणायचं, त्यावर सुईनं जाळं धरायचं,
धुवायचं, खळ द्यायची, उन्हात कडक करायचं,
आणि शेवटी कात्रीनं खालचं कापड काढून टाकायचं.
हवेवर उभं राहिलं तर विकायचं.
नाही राहिलं तर,
ती म्हणते, तर जावयाला द्यायचं.

बुधवारी डॉक्टरनं फोटो आणला.
तिच्याच कातडीचा इवलासा तुकडा, काळ्यावर हिरवा,
घराला घर लागून जाळं.
न्या एउलोजियानं चष्मा मागितला. चष्मा घालता येत नाही,
मी डोळ्यांपुढे धरला.
"कुणाचं काम?"
तुमचंच, डॉक्टर म्हणाली.
"हात बरा आहे. पण इथं सैल. इथं. आणि हे बघ, इथंही.
घाईत केलंय."
हिरवं चमकतंय तो धागा नाही, न्या,
तो धागा सोडवणारा आहे.
बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"उसवणाराही विणीवरूनच चालतो.
नाहीतर वाट कशी सापडेल त्याला?"

डॉक्टरनं ते लिहून घेतलं नाही. मी घेतलं,
औषधाच्या खोक्याच्या पाठीवर.

गोळ्या सुरू झाल्या. चेहरा चंद्रासारखा फुगला.
एक दिवस पानावर काहीच राहिलं नाही,
नुसतं तेल, आणि पाठीचा ओला आकार.
मी ते पान लगेच टाकलं नाही.
रोसाल्बा रविवारी येते. आईला कुठं हात लावावा
हे तिला कळत नाही.
तळवा, मी सांगते. तळवे कधी सुटलेच नाहीत.

काल तिनं चौकट आणली.
म्हातारीनं दोरा जिभेवर ओला केला,
पहिल्या झटक्यात ओवला.
पहाटे तीनला मी पान बदलायला गेले,
कुशीवर व्हा म्हटलं.
"थांब गं," म्हणाली,
"एवढी गाठ होऊ दे."