पासंग

उदगीरच्या मोंढ्यात बत्तीस वर्षं मी मापाडी.
तुरीचं पोतं काट्यावर चढलं
की बारदानाचं वजन आधी वजा,
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तरी डॉक्टरांनी एकाच बैठकीत
दोघांना एकच गोळी लिहिली, रात्री जेवणानंतर,
तेव्हा मी काही बोललो नाही.
मी ब्याऐंशी किलो. निलावती सत्तेचाळीस.

तीन महिन्यांत माझं कोलेस्टेरॉल उतरलं.
रिपोर्ट घडी करून खिशात घालून हिंडलो,
चहाच्या हॉटेलात दोघातिघांना दाखवला.
तिचाही आकडा उतरला.
कागदावर दोघं अगदी सख्खे भाऊ.

फक्त ती मठाच्या पायऱ्या चढताना
कठडा धरायला लागली.
"पिंढऱ्या पिळून निघायल्यात हो,
ओलं लुगडं पिळावं तशा."
डॉक्टर म्हणाले, वय झालं.
मी म्हणालो, वय झालं.
वय माझं तिच्याहून सहानं जास्त.

मग दिवाळीची झाडझूड.
कारळाच्या डब्यात, तळाशी, पुरचुंडीत
अर्ध्या गोळ्या,
अडकित्त्यानं कातरलेल्या.
एकशे बारा. मोजायची खोड जात नाही.

"फेकल्या नाहीत," ती म्हणाली,
"पैसे पडलेत त्याला."
आणि मग, भांडी पुसता पुसता,
रात्री उठताना भिंत धरावी लागायची ते,
परातीत पीठ मळताना खांदा सुटून येईल असं वाटायचं ते.
"तुम्ही घोरायलात. कशाला उठवावं?"

मी चिडलो. कुणावर, ते कळेना.
पुरचुंडी खिशात, तिला गाडीवर मागं,
थेट दवाखाना.
डॉक्टर गावाला गेलेले, खुर्चीत त्यांची सून.
तिनं गोळ्या पाहिल्या, हसली नाही.
निलावतीच्या पिंढऱ्या स्वतः दाबून बघितल्या.
म्हणाली, काका, ही औषधं तपासली गेली तेव्हा
रांगेत बायका फार थोड्या होत्या.
रक्त पुन्हा बघू, गोळी बदलू, कमी ताकदीची देऊ.
पण मावशी, अडकित्ता नको. आधी विचारायचं.

"विचारलं होतं की,"
निलावती म्हणाली.

येताना जुना तराजू आठवला.
रिकामाच एकीकडे झुकायचा,
दुसऱ्या पारड्याला आम्ही खडा बांधायचो, पासंगाला.
बत्तीस वर्षांत माझ्या मापात
कुणी खोट काढली नाही.

नळेगाव रोडला खड्डा आला.
गाडी अगदी हळू केली, जवळजवळ थांबवलीच.
मागून ती म्हणाली,
"आता काय झालं तुम्हाला?"