हात हलतोय

अंबडला, शेड नंबर सातमध्ये
पुंजाअण्णांच्या मनगटावर मी पट्टी बांधली,
आत सेन्सर, बाहेर काळं वेल्क्रो.
"राखी लवकर आली यंदा," म्हणाले,
आणि काच खाली ओढली.

निळा जाळ. मी स्क्रीनकडे पाहत राहिले:
छत्तीस वर्षं सिन्नरहून पहिल्या बसने येणारा हात
तिथे नुसती एक रेघ होता,
आणि रेघेला बारीक दाते.
प्रोग्रॅम विचारतो: कंप आहे, पुसू का?

अण्णांना दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी वाचलं.
"कंप कसला! पत्रा पातळ.
हात झुलवला नाही तर भोक पडतं.
गोधडीला टाका घालतात ना, तसं
थोडं इकडे, थोडं तिकडे, मग पुढे."

मी 'नाही' दाबलं.

पुढे म्हणे ठिणगीच नसेल.
पत्र्याला पत्रा घासून, न वितळवता
जोडतील, अंधारात, कुणी नसताना.
बरंच आहे. कुणाच्या बायकोला
रात्री बटाट्याच्या चकत्या कापाव्या लागणार नाहीत
वाळू भरल्या डोळ्यांवर ठेवायला.

अण्णा उठले. गुडघा कटकन वाजला.
"याला डाख देणारं काही काढलंय का तुम्ही?"
मला उत्तर सुचलं नाही. त्यांची बस सुटायची होती.

रात्रपाळीला नव्या पोराचा फोन:
मॅडम, रोबोचा हात हलतोय, बंद करू?
नको, म्हटलं.
सांध्यावर हातोडी मार
आणि ऐक.