खिशातलं वॉरंट

भद्रावती पेठेत पाणी पाचव्या दिवशी येतं
आणि माझा प्रबंध पाच वर्षं
तिसऱ्याच प्रकरणात अडकलाय :
झारच्या काळातले रशियन कायदेपंडित.
एका हातात नागरिकाचे हक्क,
दुसऱ्या हातात भक्कम शासन,
आणि दोन्ही हात भरलेले,
त्यामुळे दार कुणी उघडायचं हा प्रश्न तसाच.

बाहेर त्रेचाळीस अंश.
पंख्याखाली पुस्तकं आपोआप पानं उलटतात.
एक जुना इतिहासकार म्हणतो, हे जमीनदारांचे वकील,
मऊ हातमोज्यातली तीच मूठ.
तो जिथे बसून लिहीत होता
तिथे वेगळं म्हणायची सोय नव्हती.

मग राज्य कोसळलं, कपाटं उघडली,
आणि हेच प्राध्यापक एकदम हुकलेली गाडी झाले.
यांचं ऐकलं असतं तर,
तर सतरा साल आलंच नसतं.
त्या एका 'तर'वर
केवढाले ग्रंथ उभे राहिलेत.

आताचे जरा जपून बोलतात.
ते दप्तरं काढतात आणि विचारतात :
गावकीच्या न्यायालयात शेतकऱ्याच्या पाठीवर
कायदेशीर फटके पडत होते,
त्या आठवड्यात या शहाण्यांच्या डायरीत काय होतं?
कधी काहीच नाही. कधी एक ओळ, शरमेची.
आणि ज्याने वर्गात बजावलं होतं
कायदा पाळा, वाईट असला तरी पाळा,
त्यानेच पुढे विद्यापीठाचे नियम मोडले म्हणून
राजीनामा दिला. याला काय म्हणायचं?
मी लिहिते : अंतर्विरोध.
खोडते. लिहिते : सातत्य.

चंद्रमौळी काका खाटेवरून ऐकत असतात.
एकोणतीस वर्षं जिल्हा न्यायालयात बेलिफ.
"वाईट कायदा पाळा म्हणणारा," ते विचारतात,
"कधी जप्तीला गेला होता का ग?"

मी उभ्या-आडव्या धाग्यांची उपमा काढते,
शासन ताणा, स्वातंत्र्य बाणा.
ते हात झटकतात.
"मागाला मधे आणू नकोस. माग मी सीलबंद केलेत."

मग सांगतात. नरसय्या कोडमचे चार माग,
बँकेचा हुकूम, शुक्रवारी सहाशे डझन टॉवेल जायचे होते.
मंगळवारी ते गेले. आत खडखडाट रस्त्यापर्यंत.
परत येऊन अहवाल लिहिला : दार बंद होतं.
बुधवारी, दार बंद होतं.
गुरुवारी, तेच.
"एवढा आवाज, आणि दार बंद!
साहेब हसले नाहीत. सही केली."
शनिवारी काकांनी पंचनामा केला.
नरसय्याने तांब्याभर पाणी पुढं केलं,
आणि नंतर बावीस वर्षं
अशोक चौकात समोरून आला तरी बोलला नाही.
"मी पाणी प्यालो होतो," काका म्हणतात.
"तुझ्या रशियात मी कोण बसतो?"

याच गावात तीस सालच्या मे महिन्यात
झेंडा हातात धरणं गुन्हा ठरलं होतं.
तोही कायदाच. कागद, शिक्का, सही.
काकांच्या वडिलांनी तो पाळला, घरात बसून,
आणि त्याबद्दल कधी बोलले नाहीत.
हे मी प्रबंधात घालू शकत नाही.
मार्गदर्शक म्हणतील, विषयाला धरून लिहा.

तेवढ्यात गल्लीत ओरडा : आलं, आलं!
घागरी, ड्रम, पाइप, बायका.
काका लुंगी सावरत नळावर जातात,
आपोआप, जणू अजून पगार चालू आहे,
"नंबरानं! नंबरानं!"
मागून कुणी तरी म्हणतं,
अंबुबाईकडे बाळंतीण आहे, तिला भरू द्या.

काका उत्तर देत नाहीत.
वर विजेच्या तारेवर एक कावळा बसलाय,
ते त्याच्याकडे बघत राहतात,
बरंच वेळ,
दोन घागरी भरतील इतका.

मी प्रकरण तीनमध्ये एक तळटीप टाकते.
अजून तिच्यात फक्त आकडा आहे.